चौदा बँड, एक कॅसेट

इंग्रजी गाण्यांची कॅसेट विकत घेणं हा नव्वदच्या दशकात आमच्या डोंबिवलीच्या घरी चक्क चैनीचा विषय होता. हिंदी सिनेमाच्या कॅसेटपेक्षा ती बरीच महाग. त्यातून एकाच बँडची अख्खी कॅसेट घ्यायची म्हणजे सॉलिड रिस्क! चॅनल व्हीवर पाहिलेलं एक गाणं झक्कास निघायचं आणि उरलेली नऊ डोक्यावरून जायची. पैसे मात्र दहाचेही गेलेले असायचे.

यावर मध्यमवर्गीय डोक्याने तोडगा काढला. साउंडट्रॅक अल्बम! अमेरिकेतल्या हायस्कूलच्या पोरापोरींवर जे सिनेमे निघायचे, त्यांची कॅसेट. किंमत एका कॅसेटची, आत गाणी चौदा आणि बँडही जवळपास चौदा. चार नाही आवडले, तरी दहा उरतात. हॉटेलात एकेक डिश मागवणं परवडत नसेल तर माणूस सरळ थाळी घेतो ना, तसला हिशेब. सगळ्या वाट्या चाखायला मिळतात आणि बिल किती येणार, हे आधीच ठाऊक असतं.

हिशेब माझा नव्हे, ताईचा. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बाबांची कंपनी बंद पडली, त्याच वर्षी ती फोर्टमधल्या एका ऑफिसात चिकटली. पुढे शिकायचं होतं तिला, पण तो विषय कोणी काढला नाही आणि तिनेही काढला नाही. पगार आईच्या हातात द्यायची. रेल्वेच्या पासापुरते आणि चहापुरते पैसे तेवढे स्वतःकडे ठेवायची. त्या चहाच्या पैशांतून तीन-चार महिन्यांनी एक कॅसेट घरी यायची. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून. तिथे हेडफोन लावून आधी ऐकायची सोय होती, त्यामुळे फसायची भीती नाही.

१९९७ मध्ये पहिली आली ती ‘क्लूलेस’. मग ‘रोमिओ + ज्युलिएट’. मग १९९९ चं भरघोस पीक – ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’, ‘क्रूएल इन्टेन्शन्स’. घरात एक वॉकमन, एक हेडफोन. हेडफोनचा एक गोळा तिच्या कानाला, दुसरा माझ्या. मधली पट्टी ताणून ताणून कायमची वाकडी झाली होती.

आणि गंमत सांगू? यातला एकही सिनेमा तेव्हा आम्ही पाहिला नव्हता.

न पाहिलेला सिनेमा

आपल्याकडेही गाणी आधी येतात आणि सिनेमा नंतर, त्यात नवीन काही नाही. पण हिंदी गाणं ऐकताना आपल्याला निदान एवढं माहीत असतं की हे कोणीतरी पडद्यावर गाणार आहे. हीरो बाइकवरून, हिरॉइन बर्फात. गाणं त्या सिनेमासाठीच जन्माला आलेलं असतं. ‘जो जीता वोही सिकंदर’मधल्या पोरांची गाणी जतिन-ललितनी त्या पोरांसाठीच बांधली होती.

अमेरिकन टीनएज सिनेमात सहसा कोणी गात नाही. गाणी वाजतात. गाडीच्या रेडिओवर, पार्टीत, दुकानात, मुलगी कपाट उघडून आज काय घालू म्हणून उभी असते तेव्हा. बरीचशी गाणी आधीच कोणीतरी दुसऱ्याच कारणासाठी केलेली असतात. सिनेमा ती उसनी आणतो.

हे आम्हाला कुठे माहीत होतं? आम्ही आपलं प्रत्येक गाण्यावर एक सीन लिहून टाकायचो. कव्हरवरचे चार चेहरे, मागे गाण्यांची यादी, एवढ्या भांडवलावर अख्खी पटकथा. ‘क्लूलेस’च्या कॅसेटवर रेडिओहेड नावाच्या बँडचं ‘फेक प्लास्टिक ट्रीज’ होतं, नुसत्या गिटारवर गायलेलं. ते आमचं सगळ्यात लाडकं रडायचं गाणं. आम्ही ठरवून टाकलं होतं की इथे हिरॉइनचं घर विकलं जातं. ताई म्हणाली, ‘घर नको. नोकरी जाते असं करू. बापाची.’ मी हो म्हटलं. त्या कडव्याला आम्ही दोघी गप्प बसायचो.

पुढे काही वर्षांनी ‘क्लूलेस’ केबलवर लागला. जेवणाची ताटं घेऊन बसलो. जेन ऑस्टेनच्या ‘एमा’वर बेतलेला, लॉस एंजेलिसच्या बेव्हर्ली हिल्समधल्या गडगंज पोरीचा सिनेमा. तिच्या बापाची नोकरी जायचा प्रश्नच नाही, बाप बडा वकील! आणि आमचं ते गाणं? स्वयंपाकघरात जरा वेळ मागे वाजतं आणि हिरॉइन त्याला रडकं म्हणून नाक मुरडते. बस्स. संपलं.

ताई ताटावरून हसत सुटली. मला मात्र आमचाच सिनेमा जास्त चांगला वाटला. अजूनही वाटतो.

गाणी जमवणारी माणसं

ही उसनवारी जमवतं कोण? हॉलिवूडमध्ये त्यासाठी म्युझिक सुपरवायझर नावाचं एक पद असतं. सूर लावणं, चाल बांधणं हे त्याचं काम नाही. त्याने गाणी ऐकायची, कुठल्या सीनला कुठलं बसेल हे ठरवायचं आणि मग परवानग्यांसाठी हेलपाटे घालायचे. परवानग्या एक नाही, दोन. ज्याने गाणं लिहिलं त्याच्या बाजूची एक आणि ज्या कंपनीकडे रेकॉर्डिंग आहे तिची दुसरी. अल्बमवर तेच गाणं हवं असेल तर त्यासाठी पुन्हा बोलणी. ‘क्लूलेस’ची गाणी जमवणाऱ्या कॅरिन रॅक्टमननी त्याच्या आदल्याच वर्षी ‘पल्प फिक्शन’वर काम केलं होतं. म्हणजे डोंबिवलीच्या दोन पोरी रात्री काय ऐकणार, हे ठरवणारी एक बाई तिकडे खरोखर होती!

या परवानग्यांच्या भानगडीमुळे कॅसेट आणि सिनेमा यांचा मेळ बसतोच असं नाही. ‘टेन थिंग्ज...’मध्ये हीथ लेजर स्टेडियमच्या पायऱ्यांवर नाचत जे गाणं म्हणतो, ज्यासाठी लोक तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघतात, तेच अल्बमवर नाही. ‘रोमिओ + ज्युलिएट’च्या शेवटच्या नामावलीसाठी रेडिओहेडने खास गाणं केलं, पण बँडने ते अल्बमवर येऊ दिलं नाही. पुढच्या वर्षी, १९९७ मध्ये, ते त्यांच्या स्वतःच्या ‘ओके कॉम्प्युटर’मध्ये आलं. जॉर्ज लुकासच्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ची कथा तर फेमस आहे. १९७३ चा सिनेमा, १९६२ मधल्या एका रात्रीची गोष्ट, पोरं गाड्या घेऊन गावभर फिरतायत आणि रेडिओ चालू. अल्बमवर एकूण ४१ गाणी! त्या काळच्या जवळजवळ सगळ्या मोठ्या नावांची. फक्त एल्विस प्रेस्ली नाही. सगळ्या कंपन्यांना एकाच दराने पैसे मिळतील असा सौदा होता. एल्विसच्या कंपनीला तो मान्य झाला नाही. १९६२ सालातली अमेरिकन रात्र आणि रेडिओवर एल्विस नाही! पण सौदा म्हणजे सौदा.

मुळात या सगळ्याची सुरुवातच एका उसन्या गाण्याने झाली. १९५५ च्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या शाळेवरच्या सिनेमात सुरुवातीलाच बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ वाजलं. आदल्या वर्षी ही रेकॉर्ड आली तेव्हा ते मागच्या बाजूचं गाणं होतं, फार कोणी विचारलं नव्हतं. सिनेमाचा नायक ग्लेन फोर्ड. त्याच्या शाळकरी मुलाच्या, पीटरच्या, रेकॉर्डींमध्ये ते सापडलं म्हणतात. सिनेमा आला आणि त्या उन्हाळ्यात तेच गाणं अमेरिकेत नंबर वन! पोरांना काय आवडतं हे पोरांच्याच खोलीत जाऊन बघायचं, ही अक्कल हॉलिवूडला तेव्हा आली.

१९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झाला आणि मग तर धंद्याला धंदा जोडला गेला. गाण्याच्या व्हिडिओत सिनेमाचे तुकडे टाकायचे, म्हणजे गाण्याची जाहिरात सिनेमा करणार आणि सिनेमाची गाणं. १९८४ मध्ये ‘फुटलूज’च्या अल्बमने मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला नंबर वनवरून खाली उतरवलं. पुढच्या वर्षी जॉन ह्यूजेसचा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ आला. त्याचं गाजलेलं गाणं सिंपल माइंड्स या स्कॉटिश बँडला आधी करायचंच नव्हतं. दुसऱ्यांनी लिहिलेलं गाणं आपण का गावं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कसेबसे तयार झाले आणि अमेरिकेतलं त्यांचं पहिलं नंबर वन तेच ठरलं.

१९८६ च्या ‘प्रिटी इन पिंक’ची गोष्ट तर आपल्या ऑफिसातली वाटेल. गरीब घरातली मुलगी, श्रीमंत मुलगा आणि तिच्यावर जीव टाकणारा जुना दोस्त. मूळ शेवटात ती दोस्ताबरोबर जाते. ट्रायल शोच्या प्रेक्षकांना हे पटलं नाही, म्हणून शेवट बदलला, मुलगी श्रीमंत मुलाला दिली. पण ओएमडी या ब्रिटिश बँडने जुन्या शेवटासाठी केलेलं गाणं आता बसेना. त्यांनी एका दिवसात नवीन गाणं लिहिलं! ‘इफ यू लीव्ह’. क्लायंटने आयत्या वेळी ब्रीफ बदलला आणि उद्या सकाळी डिलिव्हरी. तेच त्यांचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं हिट.

आता यात प्रेमबिम काही नाही, सरळ व्यापार आहे. एका ओळखीच्या नावाबरोबर दहा अनोळखी नावं खपवायची. वर नव्वदच्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी आणखी एक शक्कल काढली. गाणं रेडिओवर दणकून वाजवायचं, पण सुटं विकायचंच नाही. ‘रोमिओ + ज्युलिएट’मधलं कार्डिगन्स या बँडचं ‘लव्हफूल’ तिकडे असंच घराघरात पोचलं होतं, पण दुकानात सिंगल मिळेना. हवं असेल तर अख्खा अल्बम घ्या!

थोडक्यात, ताई ज्या हिशेबाने घेत होती, नेमक्या त्याच हिशेबाने ते विकत होते. थाळी दोघांनाही परवडत होती.

कॅन्टीनमधलं वाक्य

मी मराठी मीडियमची. बारावीनंतर मुंबईतल्या ज्या कॉलेजात गेले तिथे पोरी शिंकायच्यासुद्धा इंग्रजीत. वर्गात काय चाललंय ते कळायचं, पेपर लिहायला यायचा, पण कॅन्टीनमध्ये तोंड उघडायची पंचाईत. वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. पहिले चार महिने मी समोसा खाणारी शांत मुलगी म्हणून ओळखली जात होते.

रात्री मात्र वहीच्या मागच्या पानांवर गाणी उतरवायचे. इंग्रजी शब्द, देवनागरी अक्षरं. ऐकायचं, थांबवायचं, रिवाइंड. सेल संपत आले की गायिका हळूहळू पुरुषी आवाजात गायला लागायची, तरी उतरवायचे. व्याकरणाच्या पुस्तकात जे शिकले नाही ते त्या वहीत शिकले. लोक वाक्य अर्धवट सोडतात. प्रश्न विचारताना शब्द उलटे लावतातच असं नाही. आणि रागावलेला माणूस फार सोपं इंग्रजी बोलतो.

एक दिवस कॅन्टीनच्या टेपवर ‘लव्हफूल’ लागलं. कोणीतरी म्हणालं, हे कोण गातंय, आठवत नाही. टेबलावर दोन-तीन चुकीची नावं पडली. आणि मी, समोसा हातात धरून, इंग्रजीत म्हणाले – हा कार्डिगन्स नावाचा बँड आहे, स्वीडनचा, आणि यांचं आणखी एक गाणं ‘टेन थिंग्ज...’च्या कॅसेटवर आहे, ते याच्यापेक्षा चांगलं आहे.

एवढं लांब वाक्य! तीन स्वल्पविराम! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकीने विचारलं, ‘तुझ्याकडे आहे ती कॅसेट?’ होती. दुसऱ्या दिवशी नेली. त्या मुलीशी माझी आजही मैत्री आहे.

हे सिनेमे तरी दुसरं काय सांगत होते? बहुतेकांत एक कॅन्टीन असतं, टेबलं वाटून घेतलेली असतात आणि कोणीतरी एक हातात ट्रे घेऊन उभं असतं, कुठे बसू म्हणून. ते पाहायच्या आधी मला ते माहीत होतं.

एसी आणि हेडफोन

ताई आता न्यू जर्सीत असते. आमचे फोन म्हणजे आईचं शुगर, बाबांचा गुडघा, डोंबिवलीच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट. गेल्या वर्षी असंच बोलता बोलता मी ‘क्रूएल इन्टेन्शन्स’चा विषय काढला. त्याच्या शेवटी द व्हर्व्हचं ‘बिटर स्वीट सिंफनी’ वाजतं. त्या गाण्यात रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्याच्या ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंगचा तुकडा वापरला होता, म्हणून लिहिणाऱ्या रिचर्ड अॅशक्रॉफ्टच्या हातून त्याचे हक्कच गेले होते. ते थेट २०१९ मध्ये परत मिळाले. बावीस वर्षांनी! मी उत्साहाने हे सगळं सांगत होते.

पलीकडून ताई म्हणाली, ‘अगं, खरं सांगू? मला ती गाणी कधी फारशी आवडलीच नाहीत.’

मी गप्प.

‘दोन-चार बरी होती. तो रेडिओहेडवाला चांगला रडायचा. बाकी मला आपली आशाच.’

‘मग एवढ्या कॅसेट कशाला आणायचीस?’

‘दुकानात एसी होता,’ ती म्हणाली. ‘साडेसहाच्या गाडीला चढता यायचं नाही, मग तासभर हेडफोन लावून उभी राहायचे. रोज रोज फुकट ऐकायला लाज वाटायची, मग मधूनच एखादी घ्यायचे.’ मग जरा थांबून, ‘आणि तू कॉलेजातून गप्प होऊन यायचीस. ऑफिसातली माझी ती मैत्रीण होती ना, वांद्र्याची, तिला मी विचारायचे, तुझ्या धाकट्या बहिणी काय ऐकतात? ती नावं सांगायची. मी ऐकून बघायचे की तुला झेपेल का.’

म्हणजे थाळीचा हिशेब वगैरे ठीक आहे, पण सुपरवायझर घरातच होती. चर्चगेट की सीएसटी हे ठरवण्याआधी काळा घोड्याला उभं राहून, स्वतःला न आवडणारी चौदा गाणी एकेक ऐकत, दुसऱ्या कोणाला तरी यातलं काय चालेल याचा अंदाज घेत. पगार न घेता.

मी फोनवर काही बोलले नाही. तीही नाही. मग तिने विचारलं, बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का.

आणि आता?

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कॅसेटच्या सीडी झाल्या, सीडीच्या एमपी३. २००६ मध्ये डिस्नेचा ‘हायस्कूल म्युझिकल’ आला आणि त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला. त्यात चक्क पोरं स्वतः गातात, बास्केटबॉल खेळता खेळता नाचतात. म्हणजे फिरून आपल्याच पद्धतीवर आले की! पहिल्या भागात तर हीरोसाठी, झॅक एफ्रॉनसाठी, बराचसा आवाज ड्र्यू सीली नावाच्या दुसऱ्याच गायकाचा होता. प्लेबॅक, बॉस. आपल्याकडे २००८ मध्ये ‘जाने तू... या जाने ना’ आला, रहमानच्या गाण्यांनी अख्खी कॉलेजं वेडी झाली. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुलनी वाद्यवृंद थेट हॉलिवूडमध्ये जाऊन रेकॉर्ड केला. करमाळ्याकडच्या दोन पोरांचं प्रेम आणि व्हायोलिन लॉस एंजेलिसची. ज्या वर्षी ‘सैराट’ आला, त्याच वर्षी ऱ्हिदम हाउसने शटर खाली ओढलं.

आता माझ्या फोनमध्ये न संपणारी गाणी आहेत. अॅप मला रोज नवी यादी करून देतं आणि ती वाईट नसते, उगीच खोटं कशाला बोला? ऑफिसात डेडलाइनच्या वेळी तीच लागते. पण ती माझ्याच सवयी मोजून बनवलेली असते. मी काल काय ऐकलं हे तिला पाठ असतं. मी कॅन्टीनमधून गप्प होऊन आले, हे तिला कळत नाही.

ताईची मुलगी पंधरा वर्षांची आहे. न्यू जर्सीच्या हायस्कूलमध्ये जाते, खऱ्याखुऱ्या! कॉरिडॉरमध्ये लॉकर, पिवळी बस, सगळं तसंच. जे आम्ही कानांनी पाहिलं ते ती रोज बघते आणि तिला ते भयंकर बोअर होतं. मध्यंतरी ताई म्हणाली की पोरगी हल्ली शाळेतून येते ती सरळ खोलीत जाते, बोलत नाही.

मी एक यादी केली. तिची अॅपवरची हिस्ट्री मला माहीत नाही, माहीत करूनही घेतली नाही. तीन रात्री बसून पाच गाणी निवडली. एक ‘सैराट’चं, एक ‘जाने तू’चं, एक आशाचं, एक कार्डिगन्सचं आणि शेवटी तो रडका रेडिओहेड. प्रत्येकाखाली एक-एक ओळ, हे का दिलंय याची. इंग्रजी शब्द, देवनागरी अक्षरं. तिला मराठी वाचायला त्रास होतो, पण म्हटलं, होऊ दे थोडा.

दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘मावशी, फक्त एकच आवडलं.’

कुठलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पाचात एक म्हणजे स्ट्राइक रेट काही वाईट नाही... आणि पुढची पाच कुठली द्यायची, याचा विचार मी सध्या लोकलमध्ये करत असते.